भनपुरीतल्या पाणपोईचे दोन मटके उघडून मिळणेबाबत

प्रति,
मा. अनुज्ञप्ती अधिकारी,
सार्वजनिक पेयजल अनुज्ञप्ती कक्ष,
रायपूर (छ.ग.)

विषय : ट्रक अड्ड्यावरील पाणपोईचे सील नवतपा, म्हणजे २५ मेपासूनचे नऊ कडक उन्हाचे दिवस, लागण्याआधी काढणेबाबत.
संदर्भ : १) आपली नोटीस, दि. ९ मे. २) माझे हिंदीतले दोन अर्ज. पोच मिळाली, उत्तर नाही.

महोदय,

खाली सही करणारी वनमाला मोहरील भनपुरीत ट्रकच्या ताडपत्र्या शिवते. आपण अमरावतीकडचे असे कळले, म्हणून हा तिसरा अर्ज घरच्या भाषेत. शिक्षण आठवी. सरकारी भाषा मी आपल्याच नोटिसा वाचून शिकले. काही कडू लागले तर दोष गुरूचा.

१. सासूबाई इंदूबाई गेल्या तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षे, दुकानापुढच्या कडुनिंबाखाली मी उन्हाळ्यात दोन मटके ठेवते. दहा वर्षे ते कोणत्याही खात्याला दिसले नाहीत. यंदा हौसेने पाटी लावली, 'इंदूबाई स्मृती पाणपोई'. पाटी लागताच मटक्यांचे 'प्रतिष्ठान' झाले आणि आपले निरीक्षक आले. चूक कबूल. पुण्य करावे, पाटी लावू नये.

२. निरीक्षक आधी दोन गिलास पाणी प्याले, मग मटक्यांची तोंडे बांधून त्यांनी लाखेचे सील ठोकले. मी म्हटले, "भैया, काहून बंद करून राहिले?" ते म्हणाले, "दीदी, पानी तो अच्छा है, लाइसेंस नहीं है." या पाण्याची सरकारी तपासणी आजवर एवढीच झाली आहे. नोंद घ्यावी.

३. परवान्याचा फॉर्म भरला. 'विक्रीचा प्रकार' या रकान्यात ठोक आणि चिल्लर, दोनच चौकटी. मी बाजूला 'फुकट' लिहिले. फॉर्म परत आला. खिडकीवरच्या मॅडम म्हणाल्या, "बेचना शुरू कर दीजिए ना, फिर कोई दिक्कत नहीं." म्हणजे पाणी विकले तर मी व्यापारी, पाजले तर गुन्हेगार! वरून अग्निशमनाची व्यवस्था मागितली. मटक्याला आग लागल्याचे आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, कोणी ऐकलेले नाही, तरी वाळूची बादली आणून ठेवली. आता बादली चालू आहे, मटके बंद.

४. दि. १९ मे रोजी पोती उतरवणारा हमाल लहानू, वय एकसष्ट, सवयीने मटक्यापाशी आला, सील पाहिले आणि तिथेच कोसळला. मी घरातली बादली त्याच्या डोक्यावर ओतली, तोंडात पाणी घातले. ते पाणी विनापरवाना होते. हाही गुन्हा कबूल. शुद्धीवर येताच तो म्हणाला, "बाई, मले वाटलं, तुमी आमच्यावर रागावल्या." महोदय, एवढी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि ती माझी नव्हती.

५. मला अनुदान नको, योजना नको, सत्कार तर नकोच. पाण्याचा नमुना न्या. खराब निघाले तर मटके मीच फोडीन. पण तहान आणि पाणी यांच्या मधून आपले टेबल उचला. लोकांनी आपापसात पाणी पाजायला सरकार लागत नाही.

तरी २५ मेपूर्वी सील काढावे. काढायचे नसेल, तर तहानलेल्या माणसाला मी काय सांगावे ते सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावे. पाटी मी उतरवली आहे. खिळा मोकळा आहे.

आपली नम्र, पण रोज लहानूला तोंड दाखवणारी,
वनमाला दिवाकर मोहरील
भनपुरी, दि. २२ मे २०२५

सोबत : १) माझा आरोग्य दाखला. २) वाळूच्या बादलीचा फोटो. ३) मटके ज्या नळावर भरते, त्याच नळाच्या पाण्याची एक बाटली. सील लावलेले नाही.