मुंगीला न्यायला येते आहे

४ ऑक्टोबर

ताईस,

नमस्कार. 'सप्रेम' लिहायला घेतलं होतं, पण हात पुढे सरकेना. तेव्हा नुसताच नमस्कार घे. आम्ही सगळे बरे आहोत. तूही बरी असशीलच.

घरची खबर अशी. अंगणातल्या झाडाची पानं आता तांबडीलाल झालीत आणि सकाळी पायरीवर इतका खच पडतो की दार जोर लावून ढकलावं लागतं. बोका उठल्या उठल्या टोपली घेऊन तिथे बसतो. सहा वर्षांचं पोर, पण ऐट सराफाची. डाग पडलेलं पान उजेडात धरतो, नाक मुरडतो आणि बाजूला टाकतो. निवडलेली पानं आम्ही जाड पुस्तकांखाली दाबतो, वाळली की पातळ केलेल्या मेणात बुडवून दोऱ्यावर टांगतो. या आठवड्यात त्याचा सगळा अभ्यास पानांवरच झाला. मोजणी, चित्रं, झाडांची नावं लिहिणं, मेण का वितळतं आणि पुन्हा का गोठतं. मक्याच्या सालपटांच्या बाहुल्याही करायला घेतल्यात. सालपटं भिजवायची, मऊ झाली की दुमडून दोऱ्याने आवळायची. बोकाच्या बाहुल्या सगळ्या पोट सुटलेल्या निघतात आणि तो म्हणतो, त्या जेवून आल्यात.

तुझ्या लेखी हा अभ्यास नव्हे. आमच्याकडे आलीस त्या पहिल्याच संध्याकाळी, मुलं घरीच शिकतात हे पाहून, तू यांच्यासमोर म्हणालीस, "म्हणजे दिवसभर कात्री नि खळ, असंच ना?" हे त्या वेळी मुकाट्याने कपाटाची फळी घासत होते. घरी आलेल्या माणसाला उलट बोलायचं नाही, ही त्यांची रीत. माझी नाही, पण त्यांच्याकडे पाहून मीही गप्प बसले. ते चुकलंच.

आता मुद्द्यावर येते. माझी मुंगी परत कधी येणार?

"चार दिवस येऊ दे माझ्याकडे, जरा हवापालट होईल," असं म्हणून तू तिला नेलंस. तिची पिशवी मीच भरून दिली. फोन केला की तू म्हणतेस, "आहे मजेत, बागेत आहे, नंतर बोलेल." काल फोन तुझ्या कामवाल्या मावशींनी उचलला. त्या बिचाऱ्या सहज म्हणाल्या, "ताई न् मुंगी दोघी शाळेत गेल्यात. गणवेशात अगदी गोड दिसते हो तुमची लेक."

गणवेश. माझ्या मुलीला माझ्या अपरोक्ष शाळेत बसवलंस आणि वर शिंप्याकडून गणवेशही शिवून घेतलास. मी फोन ठेवला तेव्हा बोका म्हणाला, "आई, मेण जळतंय." खरंच जळत होतं. भांडं अजून घासून निघालेलं नाही.

हेडबाई तू तुझ्या शाळेची आहेस. माझ्या घराची नाहीस.

तू मला विचारलं होतंस, शाळेचा एवढा राग कशासाठी? मुलांदेखत मी उत्तर दिलं नाही. पण तू विचारावंस, हेच मला कळत नाही. आप्पांचा वर्ग विसरलीस? मी अडखळायचे म्हणून आप्पा मला बाकावर उभं करून धडा वाचायला लावायचे. पोटच्या पोरीला सवलत दिली असं कोणी म्हणू नये, म्हणून मला जास्तच. शब्द घशात अडकला की सगळा वर्ग वाट बघायचा, मग हसायचा. आणि मग आप्पा वरच्या वर्गातून तुला बोलावून घ्यायचे आणि तोच धडा वाचायला सांगायचे. मी बाकावर तशीच उभी. तू वाचायचीस. किती छान वाचायचीस, ताई. एकदाही म्हणाली नाहीस की आप्पा, आज माझा घसा बसलाय.

माझ्या मुलांना कोणी बाकावर उभं करणार नाही, हे मी मुंगी पोटात असतानाच ठरवलं होतं. दहा वर्षं ते पाळलं. तू येऊन आठवड्याभरात पोरीला फूस लावलीस.

रविवारी तिला घेऊन ये. गणवेश तुझ्याकडेच ठेव.

तुझी बहीण, अजून तरी


११ ऑक्टोबर

ताईस,

रविवारी तू आली नाहीस, तुझं पत्र आलं. दोनच ओळी. 'तिलाच विचार. मी सांगितलेलं तुला पटणार नाही.' प्रगतिपुस्तकावरचा शेरा वाचल्यासारखं वाटलं. खाली शिक्का तेवढा राहिला.

विचारलं मी तिला. तू फोन तिच्या हातात दिलास आणि खोलीतून निघून गेलीस, हे तिने सांगितलं. तेवढी समज दाखवलीस.

मी म्हटलं, "मुंगे, कशी आहेस?"

"आई, मी आज उभं राहून वाचलं. सगळ्यांसमोर."

मी म्हटलं, "हसले का गं?"

"हो. खूप."

"मग तू काय केलंस?"

"मीपण हसले. शेळी डॉक्टरांची टोपी खाते असं होतं त्यात. आई, तू रागावलीस का?"

नाही म्हटलं. पुढे ती बराच वेळ बोलत होती. शेजारी बसणाऱ्या मुलीचं, डब्यांच्या अदलाबदलीचं, शिट्टी वाजवणाऱ्या शिपायाचं. इतकं सलग ती घरी बोलल्याचं मला आठवत नाही.

फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "मागच्या खिडकीतल्या माळा आता काढू या का?" मी म्हटलं, "का?" तर म्हणाले, "त्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागतो."

मागची खिडकी रस्त्यावर उघडते आणि त्या रस्त्याने शाळेची मुलं जातात. मुंगी रोज त्या वेळी तिथे उभी असायची. तिला त्यांची नावं ठाऊक नव्हती, दप्तरांवरून ओळखायची ती त्यांना. पिवळ्या दप्तराची एक मुलगी तिला हात करायची. ते पाहून मी गेल्या वर्षीच त्या खिडकीत पानांच्या माळा टांगल्या. एक, मग दुसरी, मग इतक्या की बाहेरचं काही दिसेना. मुंगी नेमकी त्याच वेळेला सतरंजी झटकायला बाहेर जायला लागली, एवढंच. सतरंजी इतकी झटकली पोरीने की तिचे काठ उसवले.

आणि तू फूस लावलीस असं मी लिहिलं, तेही खरं नाही. तू निघायच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात ती तुला म्हणाली होती, "मावशी, मला घेऊन जा. मी म्हटलं असं आईला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल." मी दाराआड होते. कात्री शोधायला आले होते. तशीच मागे फिरले आणि पिशवी भरायला बसले.

तू तिला दिलेला शब्द पाळलास. माझे बोल ऐकून घेतलेस, पण तिचं नाव पुढे केलं नाहीस. त्याबद्दल मी तुझे आभार मानावेत असं यांचं म्हणणं आहे. मी मानणार नाही. पोरीने सांगू नकोस म्हटलं, ते ठीक. पण शाळेत घालण्याआधी तू मला एक फोन करू शकत होतीस. "धाकटे, बस जरा, बोलू या," एवढंच. तुला ते सुचलंच नाही. माझ्याशी बोलायचं म्हणजे मी अडखळणार आणि तुला थांबावं लागणार. थांबणं तुला आप्पांनी शिकवलं नाही आणि तू आपणहून शिकली नाहीस.

तर आता ऐक. शनिवारी सकाळच्या बसने मी मुंगीला न्यायला येते आहे. ती शाळेत जाईल. तुझ्या शाळेत नाही, आमच्या रस्त्याच्या टोकाला आहे त्या. काल मी तिथे जाऊन आले. फाटकापाशी बराच वेळ नुसतीच उभी होते, शिपायाने दोनदा विचारलं, "कोण पाहिजे?" आत गेले तर तिथल्या बाईंनी साधंच विचारलं, मुलीचं नाव काय. आणि मला ते सांगता येईना. मुलीचं नाव, ताई. घशातच बसलं. बाई हातातलं काम ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. हसल्या नाहीत, माझं वाक्य पुरं करून दिलं नाही. नाव बाहेर पडलं तेव्हा म्हणाल्या, "छान आहे. सोमवारपासून पाठवा." बोका घरीच शिकेल. त्याचं पुढे बघू, त्यालाच विचारून.

तू तिला घेऊन बसस्टँडवर ये. सामान बांधून आण. घरी चल, चहा घेऊन जा, असं म्हणू नकोस. मी येणार नाही. मुंगीच्या देखत मी तुझ्याशी नीट बोलेन, हसेनसुद्धा, तूही हस. ती बसमध्ये चढून खिडकीपाशी बसली की आपलं बोलणं संपलं. बस सुटेपर्यंत थांबू नकोस.

मुंगीची आई