झेलुमा केंद्रावरील एक मत

मी, विलाल्हू, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, मूळचा झेलुमा गावचा, हल्ली मुक्काम दिमापूर, नागालँड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण सही त्यांना करायची नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही; भरीस घालायला एक मुलगी सोडून कोणी उरलेलेही नाही. यापूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो. त्याचे कारण पुढे येईल.

दिमापूरचे राहते घर व परसातील सुपारीची झाडे मुलगी सिएविनुओ हिला द्यावीत. आमच्यात वडिलोपार्जित जमीन मुलीला मिळत नाही. हे घर वडिलोपार्जित नाही, मी बांधलेले आहे. भाऊबंदांनी डोंगर उतरून येण्याची तसदी घेऊ नये.

झेलुमाची डोंगरउतारावरील भातशेती मी कोणालाच देत नाही, कारण ती माझी राहिलेली नाही. आमच्याकडे निवडणुकीआधी गाव बसते आणि साऱ्या गावाची मते कोणाला जाणार ते वडीलधारे जाहीर करतात. मग जो वेगळा वागेल त्याला गाव बंद. विधानसभेच्या तीन निवडणुका गावाने माझे नाव जाहीर केले. पहिल्या विजयाला तर पोरांनी मला दिवसभर खांद्यावरून उतरू दिले नाही. मी रस्ता नेला, पाणी नेले, शाळेवर पत्रे घातले. दोनदा पक्ष बदलला, तोही गावाला विचारून. चौथ्या वेळी माझे थोरले मेहुणे नेइन्गुलो भरसभेत म्हणाले, "दाजी, तुमचं जेवण झालं, आता ताटावरून उठा. आमच्या कुळाची पोरं कधीची ताटकळत बसलीत."

मी म्हणालो, "शिजवलं कुणी, तेवढं सांगा. मग उठतो."

आणि उठलो नाही. अर्ज भरला. गावाने मला बंदी घातली, शेत काढून घेतले. पत्नी विकिएनो गावातच थांबली. तिने काही केले नव्हते, आणि तिची आई अंथरुणाला खिळलेली होती.

निवडणुकीच्या स्वयंपाकाचे मोठे हंडे चर्चला द्यावेत, मयताच्या जेवणाला उपयोगी पडतील. या हंड्यांतले डुकराचे मांस खाऊन ज्यांनी मला पाडले त्यांच्याविषयी तक्रार नाही. मांस चांगले शिजले होते.

माझा एक मिथुन, आमच्याकडचा अर्धरानटी बैल, अजून झेलुमाच्या रानात मोकळा फिरतो. कानावर खूण आहे. ज्याला सापडेल त्याचा. त्याला कोणी गावबंदी घातलेली नाही.

आता रद्द करण्याचे कारण.

मी पडलो, तोंडावर पडलो. झेलुमा केंद्रावर मला एक मत मिळाले. गावाला ते एकही सहन झाले नाही. पुन्हा सभा बसली. नेइन्गुलोंनी विचारले, "कुणाचं ते?" तेव्हा विकिएनो उठून म्हणाली, "माझं."

"नीट आठव, विकिएनो," मेहुणे म्हणाले.

"दादा, नवऱ्याला मत द्यायला काय आठवायचं?"

भावाने स्वतःच्या तोंडाने बहिणीला गावाबाहेर काढले. ती पाठीवरच्या टोपलीत भाताचे बियाणे घेऊन दिमापूरला माझ्या दारात आली. मी विचारले, "खरंच तू दिलंस?" ती म्हणाली, "दुसरं कोण देणार होतं?" आणि चुलीकडे गेली.

त्या एका मतावर मी इतकी वर्षे काढली. तिथल्या पावसात माझा रस्ता वाहून गेला, शाळेवरच्या पत्र्यावर दुसऱ्याचे नाव रंगवले, तरी वाटे, ते एक मत खरे होते. विकिएनो गेल्यावर गावाने मातीला जागा दिली नाही. तिला इथल्या सार्वजनिक दफनभूमीत ठेवले. जुन्या मृत्युपत्रात मी लिहिले होते की मुलीने गावापुढे हात जोडावेत, दंड भरावा आणि आम्हा दोघांना झेलुमाला आमच्या अंगणात पुरावे.

गेल्या महिन्यात मेदोविली आला. झेलुमाचाच, आता इथे ट्रक चालवतो. चहा घेतला. मग म्हणाला, "काका, ते मत काकूंचं नव्हतं. बायकांच्या, म्हाताऱ्यांच्या मतदार-चिठ्ठ्या आमच्याकडेच होत्या. आम्ही तिघं पोरं सकाळपासून बटणं दाबत होतो. काकू केंद्रावर आल्याच नाहीत."

"मग दाबलं कुणी?"

"मी. बोट घसरलं."

"मुद्दाम?"

"नाही हो काका. बोट दुखायला लागलं होतं."

मला हसू आले आणि मग ते थांबेना, आणि ते हसू नव्हते. मी विचारले, "नेइन्गुलोंना हे माहीत होतं?"

"चिठ्ठ्या त्यांनीच गोळा करून दिल्या होत्या. काकूंचीपण."

म्हणजे माझ्या गावाने मला एकही मत दिले नाही. आणि ती खोटे बोलते आहे हे ठाऊक असूनही गावाने तिला जाऊ दिले. माझी लाज एकटीला झाकता येईल असे तिला वाटले असावे. मला ते वेळेवर कळले असते तर मी तिला निदान विचारले असते, त्या रिकाम्या मतासाठी घर का सोडलेस. आता विचारायला कोणी नाही. मला कशाचीच आशा उरलेली नाही, आणि हे मी पूर्ण शुद्धीत लिहितो.

तरी मला झेलुमाला नेऊ नये. गावाने पुढे बंदी उठवली, वाजतगाजत न्यायला आले, तरी नाही. विकिएनोला इथल्या दफनभूमीतून हलवू नये; मला तिच्या शेजारी ठेवावे. दगडावर 'माजी आमदार' लिहू नये.

तिची टोपली मेहुणे नेइन्गुलो यांना पोचवावी. रिकामीच.

मेदोविलीला काही देत नाही, कारण साक्षीदाराला वाटा घेता येत नाही.

हे सर्व मी वाचून पाहिले, बदलण्यासारखे काही सापडले नाही. सही केली.

विलाल्हू
दिमापूर, १४ नोव्हेंबर २०२२

साक्षीदार:
१. पाद्री केखरीएलहू, शेजारी.
२. मेदोविली, ट्रकचालक. पाद्रींचा चष्मा घरी राहिला, तेव्हा हा म्हणाला, "त्यांचीपण मीच करू का सही?" नको म्हटले. चष्मा येईपर्यंत आम्ही तिघे थांबलो.