एकशे पंधरा बेटं आणि एक चौकट

राई, कुवेत
शुक्रवार, १८ एप्रिल २०२५

सौ. रत्नमाला,

आधी घाबरू नकोस. अक्षर गफूरचं आहे, बोलतोय मी. उजव्या अंगठ्यात लाकडाची कपची घुसली, पेन धरवत नाही, म्हणून त्याला लिहायला बसवलाय. परवा रविवारी रात्रीच्या विमानाने तो सुट्टीवर निघतो. पत्र तुझ्या हातात देईन आणि मगच खाडी ओलांडून स्वतःच्या घरी जाईन, असं म्हणतो. त्याच्यासोबत दुधाची पावडर, सुयोगला बूट आणि तुझ्या गुडघ्यांना तेल पाठवलंय. बुटाचा नंबर तू नऊ सांगितला होतास. पोराचा पाय माझ्याएवढा झाला की काय?

इकडे ठीक आहे. खरा उन्हाळा अजून लागायचाय, पण मंगळवारी धुळीचं वादळ आलं. कारखान्यात गफूरने नुकतंच पॉलिश केलेल्या सहा दारांवर वाळू बसली आणि त्याने दिवसभर सगळ्यांना शिव्या घातल्या. (हे वाक्य लिहायला त्याने का-कू केली.) अकरा वर्षं मी दारं करतोय, तो रंगवतोय आणि एकाच खोलीत आम्ही एकमेकांचं घोरणं ऐकतोय.

माळ्यावरच्या फणसाच्या फळ्या उलटल्यास का? एकाच अंगावर पडून राहिल्या तर बाक धरतील. चार वर्षं वाळल्यात, आता त्या हळदीसारख्या पिवळ्या झाल्या असतील. सुयोग कंप्युटरच्या क्लासला वेळेवर जातो ना?

आता तुला एका देशाची माहिती देतो. कशाला म्हणून विचारू नकोस, नुसतं वाच.

सेशेल्स म्हणून एक देश आहे. आफ्रिकेच्या उजव्या अंगाला, विषुववृत्ताच्या जरा खाली, समुद्रात मूठभर तांदूळ सांडावेत तशी बेटं. एकशे पंधरा आहेत. माणसं मात्र सगळी मिळून लाख-सव्वा लाख, आणि त्यातली बहुतेक माहे नावाच्या एकाच बेटावर राहतात. राजधानी व्हिक्टोरिया, तीही तिथेच. एवढीशी आहे. तू भाजी घ्यायला निघालीस तर अर्ध्या तासात सगळी राजधानी बघून परत येशील. अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी तिथे वस्तीच नव्हती. मग फ्रेंच आले, त्यांनी आफ्रिकेतून माणसं गुलाम करून आणली, मग इंग्रज आले. १९७६ साली देश स्वतंत्र झाला. बोलतात क्रेओल, शिवाय इंग्रजी आणि फ्रेंच. पैशाला मात्र आपल्यासारखंच रुपया म्हणतात.

वादळं सहसा तिथवर पोचत नाहीत. पाऊस भरपूर. दालचिनी डोंगरात आपोआप उगवते. कासवं एवढी मोठी की पाठीवर मूल बसेल. आणि दर्याचा नारळ, ते फकीर कटोरा म्हणून धरतात ना हातात, तो तिथलाच. झाड कुणाला ठाऊक नव्हतं तेव्हापासून वाहत वाहत आपल्या किनाऱ्याला लागायचा. गफूरच्या आजोबांकडे एक होता म्हणे. गफूरच्या आजोबांकडे काय नव्हतं ते एकदा विचारायला हवं.

व्हिक्टोरियात गणपतीचं देऊळ आहे. तमिळ लोकांनी बांधलंय. म्हणजे बघ, अगदीच परकं नाही.

आणि नीरफणस! आपल्या परसातला तोच. तू कापं करतेस तशी तेही तळतात, शिवाय नारळाच्या रसात शिजवतात. तिथे अशी समजूत आहे की नीरफणस खाल्लेला माणूस त्या बेटांवर परत आल्याशिवाय राहत नाही. मला हसू आलं. मी तर जन्मभर खातोय.

ही सगळी माहिती कंपनीने दिलेल्या चोपड्यातली आहे. गफूरने दोनदा वाचून दाखवलं. आमच्या कंपनीला तिथे एका हॉटेलचं सुतारकाम मिळालंय. चाळीस बंगले, म्हणजे दारंच दीडशेच्या वर. आमचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, म्हणाला की शत्रुघ्न, तू फोरमन म्हणून जा. दोन वर्षं. मी तोंडी हो म्हटलंय. रविवारी सकाळी सही करायची आहे आणि विमान सत्तावीस तारखेचं आहे.

म्हणजे सव्वीसला मी घरी येत नाही आणि अक्षय्य तृतीयेला चौकट बसत नाही.

रागावू नकोस. चार वर्षं दाराच्या जागी पत्रा आहे, तिथे आणखी दोन वर्षं काढू. माझ्या घराची चौकट माझ्याच हातची होईल, असं मी वाडीसमोर बोललोय, ते बदलायचं नाही. दुसरा सुतार लावू नकोस. फळ्या तेवढ्या उलटत राहा.

वरच्या ओळीनंतर गफूरने पेन खाली ठेवलं. उठून चहा केला आणि माझ्यासमोर अर्धाच पेला भरून ठेवला. आता पेन परत उचललंय, पण एका अटीवर. तो जे बोलला तेही पत्रात जायला हवं, म्हणतो. तर घे:

“शत्रू, तू नीरफनस सांगितलास, मी लिवला. कासवा सांगितलीस, लिवली. आता परवा भाबी मला विचारील, ह्यांच्या अंगठ्याला काय झाला? तवा मी तिच्या तोंडाकडे बघून काय सांगू? खोटा मी नाय बोलनार. ह्यो सगला भुसा भरतोयस तू.”

भुसा भरणं म्हणजे काय ते तुला माहीत आहे, तू सुताराच्या घरात नांदलीस. सांधा चुकला की फटीत भुसा आणि फेविकॉल चेपायचा, वरून पॉलिश मारायचं, गिऱ्हाइकाला कळत नाही. बाबा म्हणायचे, भुसा भरणाऱ्याने स्वतःला सुतार म्हणवू नये. तीस वर्षांत मी कधी भरला नव्हता. इथे एमडीएफची, म्हणजे भुशाच्याच पोळीची, कपाटं करायची वेळ आली तेव्हाही सांधा कोराच ठेवला.

तर ऐक. अंगठ्यात कपची नाही. माझा उजवा हात थरथरतो.

दिवाळीनंतर सुरू झालं. आधी नुसता अंगठा हलायचा, तोही मी गप्प बसलो की. मी म्हटलं थंडी असेल. मग रुमैथियात एका घरी बैठकीचं दार बसवायला गेलो. अस्सल सागवान, वरची नक्षी मीच महिनाभर बसून केलेली. कुलपाची खाच काढताना पटाशी सरकली आणि बोटभर ढलपा उडाला, समोरच्या बाजूने. घराची म्हातारी मालकीण सोफ्यावर बसून मला खजूर घ्यायचा आग्रह करत होती. तिला दिसलं नाही. मी खिशातून भुसा काढला. आधीपासून खिशात होता, रत्नमाला. म्हणजे असं होणार हे मला आतून माहीत होतं. भरला, चेपला, गफूरने संध्याकाळी येऊन वरून रंग लावला. म्हातारीने दोघांनाही अत्तर लावून पाठवलं.

फेब्रुवारीत डॉक्टरकडे गेलो. कंपवात आहे म्हणाले. गोळ्या घेतो आहे. जाणार नाही, पण आटोक्यात राहील असं त्यांचं म्हणणं. बारीक काम मात्र यापुढे विसरा, म्हणाले. किती सहज म्हणाले!

म्हणून मी व्हिडिओ लावत नाही. तू दर वेळी म्हणतेस, “अवो, तोंड तरी दाखवा, पोराला बघायचा हाय,” आणि मी नेटवर्कचं नाव सांगतो. नेटवर्क चांगलं आहे. फोन हातात धरला की तुझं चित्र हलायला लागतं.

आता बेटाचं सांगतो. मी काही तिथली कासवं बघायला निघालो नव्हतो. फोरमनला पटाशी धरावी लागत नाही. हात पाठीमागे बांधून उभं राहायचं आणि तोंडाने सांगायचं. तिथे माझा हात पूर्वी कसा चालायचा हे कुणाला माहीत नाही. घरी सगळ्यांना माहीत आहे. अक्षय्य तृतीयेला अख्खी वाडी मांडव घालून बसणार, भटजी येणार, बाबांच्या वेळचे म्हातारे लाकडाला हात लावून बघणार, आणि त्यांच्यासमोर माझी पटाशी नाचणार. मला त्याची भीती वाटते. पार आफ्रिकेपर्यंत पळावं इतकी.

आणि एक आहे, ते याहून वाईट.

शिमग्याला तू फोटो पाठवला होतास, सुयोगने माळ्यावरच्या तुकड्याचा पाट केला तो. मी फोनवर त्याच्यावर केवढा ओरडलो! म्हटलं, क्लासचे पैसे काय भुसा खायला भरतोय का, माझ्या फळ्यांना हात लावायचा नाही. तो “बरं” म्हणाला आणि फोन तुझ्याकडे दिला. त्यानंतर तो माझ्याशी दोन वाक्यांच्या वर बोललेला नाही. ओरडून झाल्यावर मी तो फोटो मोठा करून करून बघितला. चारही सांधे बघितले. कुठे भुसा नव्हता. कुणी शिकवलं नसताना, पेटीबाहेर राहिलेल्या माझ्या गंजलेल्या करवतीने, त्या पोराने चार सांधे कोरे बसवले, आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी राग आला. बापाचा हात गेला तेव्हाच याचा हात यायचा होता का, असं वाटलं. असं वाटणारा बाप आहे मी. हे गफूरला लिहायला सांगताना लाज वाटते, पण तो मान खाली घालून लिहितोय, बघत नाही माझ्याकडे.

चहा गार झाला. चोपडं बाजूला ठेवलंय.

रविवारी सही करणार नाही. मुदीरला खरं काय ते सांगेन. तो ठेवेल की काढेल ते माहीत नाही. पण सव्वीसला मी येतो. भीती गेलेली नाही, तिला सोबत घेऊनच येतो.

आता तुझ्याकडे काम आहे. देवघरामागे माझी हत्यारांची पेटी आहे. दसऱ्याला तू तिला बाहेरूनच हळदकुंकू लावतेस, कारण मीच दटावून ठेवलंय की माझ्याशिवाय कुणी उघडायची नाही. किल्ली तांदळाच्या डब्यामागच्या खिळ्याला आहे. ती सुयोगला दे. सगळ्यात रुंद पटाशी बाबांची आहे, तिला खोबरेल लावून ठेव म्हणावं. फळ्या खाली उतरवा. सरळ रेषेची बघून उंबरठ्याला निवडा. माप दोनदा घे आणि कापायच्या आधी मला फोन कर, असं त्याला सांग. व्हिडिओचा कर म्हणावं. मी फोन भिंतीला टेकवून ठेवीन.

चार दिवसांत सगळी चौकट व्हायची नाही. उंबरठा होईल. तृतीयेला तेवढा बसवू, बाकी सावकाश. मी त्याच्याशेजारी पाटावर बसेन, त्यानेच केलेल्या. सांगेन तेवढं तोंडाने सांगेन. त्याच्या हातावर हात ठेवून शिकवणार नाही, बाबांनी मला शिकवलं तसं. त्याचा नेम चुकेल.

वाडीत कुणाला काय सांगायचं ते तू ठरव. मी काही लपवणार नाही आणि मुद्दाम दाखवणारही नाही.

गफूरचा हात दुखायला लागलाय. त्याला जेवायला घाल, कापं कर, त्याला आवडतात. आता पेन मी घेतो. खालचं नाव माझ्या हातचं आहे. कितीही वेळ लागला तरी मध्ये हात लावायचा नाही, असं त्याला बजावलंय. हे कुणाचं अक्षर म्हणून सुयोगने विचारलं, तर सांग त्याला, तुझ्या बाबांचं.

तुझा
शत्रुघ्न