कोंड्यात कोंडलेला जनरेटर

गोरेगाव (मुंबईचं नव्हे, आपलं, गोंदियाचं)
१९ मे

तीर्थस्वरूप पुष्पाबाईस,

धाकट्या चैतरामचा वाकून नमस्कार, आणि तेवढंच वाकून भाऊजींना. तुझे गुडघे आता काय म्हणतात? भाऊजींची साखर आटोक्यात आहे, की अजून पेपराच्या आड बिस्किटं चालूच आहेत? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. सगळे म्हणजे मी, नंदा, टीना, म्हैस आणि जनरेटर. शेवटच्या दोघांची तब्येत मधे बिघडली होती, पण आता उतार आहे.

तू म्हणशील, खिशात फोन असताना या चैतरामला पत्र काऊन सुचलं? खरं आहे. याआधीचं पत्र मी तुला तुझ्या लग्नानंतर लिहिलं होतं आणि त्यात वरातीत नेलेली माझी सायकल परत पाठव, एवढंच होतं. (ती अजून आलेली नाही.) तर यावेळी पत्रच लिहायला एक कारण आहे, पण ते शेवटी सांगतो. आधी सांगितलं तर तू मधलं वाचणार नाहीस, आणि मधलं लिहायला मला फार मजा येऊन राहिली आहे.

इकडच्या लाईटचं तुला नव्याने काय सांगू? वारा आला की ती जाते आणि वारा पडला तरी येत नाही. घरात इन्व्हर्टर आहे, पण तो दोन तासांत मान टाकतो, आणि आमची लाईट जाते ती बाजारात गेल्यासारखी जात नाही, माहेरी गेल्यासारखी जाते. मला आणि नंदाला त्याचं काही नव्हतं. आम्ही अंगणात खाट टाकून मोकळे. अडचण टीनाची. दोन वर्षांपासून ती तुमच्या पुण्याच्या कंपनीचं काम इथे मागच्या खोलीत बसून करते, हे तुला माहीत आहे. लोकांची दवाखान्याची बिलं तपासते आणि कोणाचा विमा पास करायचा ते ठरवते. (शेजारच्या केशोराव मास्तरांनी आपल्या मोतीबिंदूची फाईल सहज म्हणून दाखवली, तर पोरीने त्यात चार चुका काढल्या. तेव्हापासून मास्तर तिला मॅडम म्हणतात आणि माझ्याशी जरा कमी बोलतात.) लाईट गेली की तिचं काम बंद. म्हणून होळीनंतर मी जनरेटर घ्यायचं ठरवलं.

आता इथे माझी चूक झाली, ती कबूल करतो. कोहमाऱ्याला नाक्यावर मुन्नालालचा ढाबा आहे. त्याने नवीन मोठा जनरेटर घेतला होता आणि जुना विकायचा होता. मी जाऊन पाहिला, चालू करून पाहिला, कान लावून ऐकला. शपथेवर सांगतो, मला काही म्हणजे काही आवाज आला नाही. मुन्नालाल म्हणाला, मक्खन है काका, मक्खन. मी खूश. माझ्या पाठीमागून रायपूरकडचे आणि नागपूरकडचे ट्रक एकामागून एक जात होते, हॉर्न वाजत होते, एक क्लीनर टायरवर हातोडा मारून पाहत होता, हे काही माझ्या ध्यानात राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी मक्खन घरी आलं, घरामागच्या वाडीत उतरलं, मी दोरी ओढली आणि केशोराव मास्तर बनियनवर बाहेर आले. त्यांना वाटलं धानाची मळणी सुरू झाली, आणि मार्चमध्ये काऊन झाली म्हणून ते पाहायला आले होते. म्हशीने त्या संध्याकाळी दूध दिलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नंदाने म्हशीची बाजू घेतली.

तरी मी म्हटलं, चालेल, सवय होईल. पण एका रात्री जेवताना टीना ताटाकडे पाहत म्हणाली की, बाबा, ऑफिसचे सर म्हणत होते मीटिंगमध्ये फार आवाज येतो. असंच राहिलं तर कदाचित पुण्याला येऊन काम करावं लागेल. बाई, तुझ्यापासून काय लपवू, मी ताट बाजूला सारलं. एकुलती एक पोर, ती जाईल मग घरात राहील कोण? नंदा आणि मी एकमेकांना रोज काय सांगू? तिने सकाळी उठून माझ्या चष्म्याची काच पुसून ठेवावी आणि वर मलाच रागवावं, याची मला सवय झाली आहे. मी तिथेच जाहीर केलं, एका मशिनीपायी माझी पोर घर सोडणार नाही. मशिनीचं तोंडच बंद करतो. टीनाने नंदाकडे पाहिलं. नंदाने तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

सुरुवात मी शास्त्रशुद्ध केली. मोबाईलवर पाहिलं की आवाज शोषणारा एक फोम मिळतो. दिलेल्या नंबरवर फोन लावला. तिकडची मुलगी म्हणाली, गोरेगाव ईस्ट की वेस्ट? मी म्हटलं, बसस्टँडच्या मागे. मग फोन कटला. तेव्हा केशोराव मास्तरांनी सुचवलं की अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे लावले तरी तेच काम होतं, त्यांच्या भाच्याने गोंदियाला रेकॉर्डिंगच्या खोलीत लावलेत. मी गोंदियाला गेलो, मोठा गठ्ठा मिळवला आणि मोटरसायकलवर मागे बांधून निघालो. फुलचूर ओलांडेपर्यंत मला चार ओळखीचे भेटले. घरी पोचलो तर फाटकापाशी दोन बाया अंड्यांचा भाव विचारायला उभ्या! आणि तुला माहीत आहे, गुरुमंत्र घेतल्यापासून नंदा घरात अंड्याचं नावसुद्धा काढू देत नाही. तिने गोमूत्राची बाटली आणली आणि ट्रे शुद्ध करायला घेतले. थोडं शिंपडून तिचं समाधान होईना. शेवटी बादली आली. सकाळी पाहतो तर सगळ्या ट्रेंचा मिळून एक ओला लगदा झाला होता, आणि म्हैस तो मन लावून खात होती. (त्या दिवशी दूध दिलं बरं का!)

मग मात्र मी जागेश्वरला बोलावलं. जागेश्वर म्हणजे आपली न्हाणी बांधणारा मिस्त्री. त्याचा स्वभाव तुला आठवत असेल. काम चांगलं करतो, पण मालकाची अक्कल काढून मगच थापी हातात घेतो. त्याने जनरेटरभोवती फेरी मारली आणि म्हणाला, आवाज भिंतीले भेत नाही, कोंड्याले भेते. म्हणून आम्ही विटांच्या दुहेरी भिंती घेतल्या आणि मधल्या पोकळीत राईस मिलमधून आणलेला धानाचा कोंडा ठासून भरला. जनरेटरखाली ट्रॅक्टरच्या जुन्या टायरचे तुकडे. वर सिमेंटचं झाकण, समोर जाड लाकडी दार, दाराला आतून नंदाची जुनी गोधडी खिळ्यांनी ठोकलेली. (नंदाला ती कुठे गेली ते अजून माहीत नाही.) बारा दिवस मी स्वतः विटा उचलल्या. माझ्या खताच्या दुकानात आलेले लोक वाडीत येऊन सल्ला देऊन जात. टीना चहा घेऊन यायची आणि जागेश्वरला हळूच विचारायची, काका, पण अगदीच बंद नाही ना होणार आवाज? मला वाटायचं, पोरीला काळजी आहे.

नारळ फोडून चालू केला. दार लावलं. शांत! बाई, अशी शांतता की मास्तरांच्या घरातली भाजीची फोडणी ऐकू आली. मी जागेश्वरला मिठी मारली. पाचव्या मिनिटाला आतून खोकल्यासारखं काही झालं आणि जनरेटर बंद. दार उघडलं तर आत भट्टी, आणि धूर असा की आम्ही दोघे ठसकत म्हशीपर्यंत मागे गेलो. धूर बाहेर न्यायला नळकांडं ठेवायचं दोघेही विसरलो होतो. हवा आत जायला मुंगीएवढीही फट नव्हती, ज्याचा मी सकाळीच अभिमान सांगितला होता. जागेश्वर डोळे पुसत म्हणाला, «भाऊ, तुम्ही मशिनीले घर बांधून राहिले का समाधी? तिले नाक पाहिजे ना जी!»

मग भोक पाडलं, तर हवा आत गेली आणि आवाज बाहेर आला. भोक लहान केलं, तर पुन्हा खोकला. दोन दिवस आम्ही एका भोकाशी झगडत होतो. शेवटी उपाय जागेश्वरलाच सुचला, तोही जेवताना. «हवा वळून जाते जी. आवाज सरळमार्गी हाय, त्याले वळता येत नाही.» मग एका बाजूने हवा आत यायला आणि दुसऱ्या बाजूने बाहेर जायला, तीन-तीन वळणांच्या विटांच्या नाल्या बांधल्या, आतून पोती चिकटवली, बाहेर जाणाऱ्या नालीत पंखा बसवला, आणि धुराचं नळकांडं उंच छपरावर नेलं. पुन्हा नारळ. (त्या कोठीचं रूप असं झालं आहे की परवा कोणीतरी तिच्यापुढे जास्वंदीचं फूल ठेवून गेलं.) यावेळी पाच मिनिटं झाली, तास झाला, संध्याकाळ झाली. आत जनरेटर चालू, घरात पंखे चालू, आणि आवाज किती? मांजर खाटेखाली झोपल्याएवढा. मास्तर तक्रार घेऊन आले की आता लाईट गेली ते आम्हाला कळायचं कसं. टीनाने टाळ्या वाजवल्या. तिचा चेहरा जरा उतरलेला होता, पण ऊन फार होतं.

तर अशी ही विजयाची हकीकत. तू आणि भाऊजी आंब्यांना या, कोठी डोळ्यांनी पाहा. भाऊजींना बिस्किटं मी देईन, तू कोठी पाहत असताना.

तुझा आज्ञाधारक (लहानपणी नव्हतो, आता आहे)
चैतराम

ता. क. सही झाली, आता पत्राचं कारण सांगतो. मंगळवारी दुपारी लाईट नव्हती. मी टीनाच्या खिडकीखाली बसून दुकानाच्या पिशव्या शिवत होतो. जनरेटर चालू असला की मोकळ्या आवाजात बोलायची तिला दोन महिन्यांची सवय, आणि तो आता ऐकूच येत नाही हे ती विसरली असावी. मैत्रिणीला फोनवर सांगत होती. ऑफिसची तक्रार कधी नव्हतीच. तिच्या कानाला लावायच्या त्या यंत्रातून बाहेरचा आवाज पलीकडे जातच नाही म्हणे. सर तिच्या हाताखाली दहा माणसं देऊन तिला पुण्याला बोलावून राहिले आहेत आणि एकतीस तारखेपर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे. «मला जायचं आहे गं,» ती म्हणाली. «आवाजाचं कारण सांगून जाणार होते. पण बाबांच्या हाताला विटांनी फोड आलेत. ते हात पाहून कसं सांगू?» मी पिशवीऐवजी बोटात सुई घातली, पण ओरडलो नाही. बाई, मला वाईट वाटलं, आणि दहा माणसांचा अभिमानही वाटला, आणि दोन्ही एकदम वाटल्यावर काय करायचं ते मला कळेना, म्हणून मी म्हशीला पाणी पाजलं. हे फोनवर सांगता येत नाही. माझा आवाज किती मोठा ते तुला माहीत आहे, आणि आमच्या घरात आता सगळं ऐकू येतं. जागेश्वर म्हणतो, भाऊ, एक कोठी तुमच्यासाठीही बांधू.

ता. क. दुसरा. विनंती अशी. येत्या रविवारी तू आपणहून फोन कर. म्हण की माझे गुडघे दुखतात, भाऊजी ऐकत नाहीत, घरात आपलं कोणी पाहिजे, टीनाला वर्षभर माझ्याकडे पाठव. मी नाही म्हणेन. मला म्हणावंच लागेल, नाहीतर तिला संशय येईल. तू मला लहानपणीसारखं रागाव. मी पुन्हा नाही म्हणेन. मग लगेच «ठरलं तर» म्हणून फोन ठेवून दे. तिसऱ्यांदा विचारू नकोस, तिसऱ्यांदा मी खरंच नाही म्हणेन. मी ऐकलं हे टीनाला कळू देऊ नकोस. नंदाला मी आत्ताच भीत भीत सांगितलं, तर ती पापड लाटत होती ती लाटतच राहिली. म्हणाली, आवाजाचं कारण मीच तिला सुचवलं होतं. तुम्ही विटा आणाल हे मले काय माहीत! आणि बाईंना हेही लिहा म्हणाली, की पोरीला सकाळी चहासोबत काहीतरी खायला लागतं.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायच्या आधीच लाईट गेली. मी वाडीत जाऊन जनरेटर चालू केला आणि कोठीचं दार अर्धं उघडं ठेवून आलो. मक्खन पुन्हा गर्जू लागलं. मास्तर बनियनवर बाहेर आले. टीना खोलीतून धावत आली आणि ओरडून म्हणाली, «बाबा, आवाज तर येऊनच राहिला!» मी तोंड पाडून म्हटलं, हो ना पोरी, जागेश्वरचं काम कच्चं निघालं. (जागेश्वरला हे कळलं तर तो माझी न्हाणी पाडेल.) ती माझ्याजवळ बसली आणि माझ्या हातावरच्या फोडांना हळद लावून देऊ लागली. लावता लावता म्हणाली, मग आता पुण्याचं पाहावं लागेल ना बाबा? मी म्हटलं, आत्या काय म्हणते ते पाहू. आठ दिवसांत पहिल्यांदा ती दोन पोळ्या जास्त जेवली. रविवारचा फोन विसरू नकोस.