आईचा हललेला फोटो

रविवार, संध्याकाळ

आईचा फोटो आज पुन्हा हलला. गंगापूर धरणावर बगळे टिपताना माझा हात स्थिर असतो, मग तिच्यासमोरच का थरथरतो? परवा तिचं हृदयाचं ऑपरेशन. सकाळी येवल्याची पैठणी नेसून स्वतःच गॅलरीत येऊन बसली.

"नीट काढ रे. भिंतीवर बाबांच्या फोटोशेजारी शोभला पाहिजे."

मी ऐकलंच नाही असं दाखवलं. शटर स्पीड वाढवला, तरी हललाच. कॅमेऱ्याचा दुकानदार म्हणतो, हात हलला तरी फोटो हलू न देणारी लेन्स घ्या. घेऊ का? पण हा हात कॅमेऱ्यामुळे थोडाच हलतोय!

"उद्या परत काढू," म्हणालो.

"उद्याही हलला तर?"

"तर दवाखान्यातून घरी आल्यावर काढू."

ती हसली. नेमका तेव्हाच कॅमेरा पिशवीत होता.