पंख्यावरचा ठिपका

१४ एप्रिल, मंगळवार

ती. दादास,

नमस्कार. पाकिटावरचं माझं अक्षर बघून हे पत्र न उघडताच केरात टाकावंसं तुला वाटेल, म्हणून आधी कामाचं लिहिते. बाबा बरे आहेत. जेवतात नीट, झोपतात नीट. ऐकूही सगळं येतं. तुझ्या घरी ते बहिरे होते म्हणे. इकडे आल्यावर कान बरे झाले. त्यांचा वाचायचा चष्मा आणि रक्तदाबाच्या गोळ्या तुमच्याकडेच राहिल्यात. गोळ्या मी इथे घेतल्या. चष्मा मात्र त्यांच्या नंबरचा मिळत नाही. त्याचं शेवटी लिहिते.

हे मजेत आहेत. लेक परीक्षेचा अभ्यास करते, म्हणजे पुस्तक उघडं ठेवून नखं रंगवते.

ट्रॅक्टरला नवं इंजिन परवा बसलं, कंपनीच्या खर्चाने. चौकशी संपेपर्यंत तुला घरी बसवलंय असं कळलं. वाईट वाटलं असं लिहायची रीत आहे, पण नाही वाटलं. त्या सोमवारी तपासणीत इंजिनाचा पंखा हातात धरून उभा होतास ना तू सगळ्यांसमोर, तो चेहरा मी रोज सकाळी चहाबरोबर आठवते. साखर कमी लागते.

पण तू मध्येच निघून गेलास. त्यामुळे तुझं अर्धंच बघून झालं. उरलेलं मी सांगते, आणि पहिल्यापासून सांगते, कारण तुला सोयीचं तेवढंच आठवतं.

ट्रॅक्टर मी तुझ्याच एजन्सीतून घेतला. घरचा माणूस आहे, अडीअडचणीला धावून येईल, असं मीच ह्यांना सांगितलं होतं. दोन वर्षांची वॉरंटी. पहिले दोन महिने लोक नांगरट बघायला नाही, बाई नांगरते कशी ते बघायला यायचे. मग माझं नांगराचं तास सरळ पडतं म्हणून बोलवायला लागले. आठव्या महिन्यात पाण्याचा पंप गळायला लागला. तो तू स्वतः बदललास, पुढचा पंखा काढून आणि परत लावून. "तुझं काम मी दुसऱ्याच्या हातात देणार नाही," म्हणालास. मला केवढं भरून आलं होतं! घरी येऊन ह्यांना सांगितलं, दादा बदललाय.

दादा कसला बदलतोय. पंप बदलला.

तेव्हापासून ट्रॅक्टर तापायला लागला. नुसता उभा असला की गार, नांगर लावून दोन फेऱ्या मारल्या की काटा थेट लाल पट्ट्यात. तुझ्याकडे आणला. तू शेडमध्ये, सावलीत, अर्धा तास नुसता चालू ठेवलास आणि म्हणालास, "कुठंय गरम? तुझंच डोकं गरम आहे." तुझे मेकॅनिक हसले. मीही हसले, वेडी. दुसऱ्यांदा आणला तेव्हा मात्र लेखी तक्रार दिली. त्यावर तू जे लिहिलंस ते मला पाठ आहे. 'पाण्याची पातळी न तपासता ट्रॅक्टर चालवला. चालकाचा हलगर्जीपणा. वॉरंटी लागू नाही.' कागद माझ्या हातात देताना काउंटरवरच्या चार गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणालास, "बायकांनी शिलाई मशीन चालवावं. त्यात पाणी घालावं लागत नाही."

ते चारही जण माझ्याकडून नांगरून घेणारे होते. पुढच्या आठवड्यात त्यांतल्या दोघांनी दुसऱ्याला बोलावलं.

आणि एवढ्यावर तुझं भागलं नाही. घरी जाऊन बाबांना सांगितलंस. बाबांचा मला फोन आला. "पाणी बघत जा गं," म्हणाले, आणि ठेवला. बावीस वर्षांत माझ्याशी यंत्राबद्दल ते एकच वाक्य बोलले, आणि ते हे.

बावीस का, ते तुला माहीत आहे. पण हे पत्र वहिनी वाचल्याशिवाय राहणार नाही, म्हणून तिच्यासाठी लिहिते. वहिनी, तेव्हा बाबांचं गॅरेज होतं आणि आम्ही दोघंही त्यांच्या हाताखाली शिकत होतो. मी जरा बरी शिकत होते. एका गिऱ्हाइकाच्या ट्रॅक्टरचं तेल बदलायचं होतं. जुनं तेल काढून खालचा बोल्ट घट्ट करायचं काम दादाचं, वरून नवं तेल ओतायचं माझं. दादाला मॅचला जायची घाई होती. बोल्ट ढिला राहिला, वाटेत सगळं तेल सांडलं, इंजिन जाम. बाबांनी विचारलं, बोल्ट कुणी लावला? तुझ्या नवऱ्याने माझ्याकडे बोट दाखवलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात माझा हात दाबून कानात म्हणाला, "आत्ता गप्प बस. ते चिडलेत. संध्याकाळी मी सगळं खरं सांगतो."

बाबांनी माझ्या हातातला पाना काढून घेतला आणि म्हणाले, घरात जा. मी गेले. संध्याकाळची वाट बघत बसले. माझं लग्न झालं, बाबांनी गॅरेज बंद केलं, तू एजन्सीत फोरमन झालास. दादा, तुझी ती संध्याकाळ अजून झालेली नाही.

तर आता ठिपका. बाबांची शिस्त तुला आठवते? काहीही खोलायच्या आधी, आपल्याकडे तोंड असलेल्या बाजूवर पांढरा ठिपका द्यायचा. परत लावताना ठिपका समोर दिसला पाहिजे. तू त्याला बाबांची चित्रकला म्हणायचास. नवा ट्रॅक्टर दारात आला त्या दिवशी मी लेकीच्या नखांचा रंग घेतला आणि पंख्याला, पंपाला, फिल्टरला, हात पोचेल त्या सगळ्याला ठिपके दिले. अर्धी बाटली संपली म्हणून ती रडली होती.

मार्चमध्ये भर दुपारी, शेताच्या मधोमध इंजिन जाम झालं. मी कंपनीला पत्र लिहिलं: सर्वांसमक्ष तपासा, आणि पंखा ज्याने बसवला त्यानेच तो खोलावा. तुला वाटलं, बहीण दमली, आता रडून मोकळी होईल. बाबांना मी खुर्चीत आणून बसवलं तेव्हा तुला वाटलं ते तुझ्या बाजूने आलेत.

कंपनीचे तपासनीस काय बारीक माणूस! आधी चारही बोल्टांवरचे पिवळे पट्टे बघितले. तुमच्याच एजन्सीचा रंग, काम झाल्यावर तुम्हीच ओढता, आणि एकही पट्टा तुटलेला नाही. म्हणजे पंप बदलल्यापासून पंख्याला कुणी हात लावलेला नाही. तशी नोंद त्यांनी केली, ती तूच मोठ्याने वाचून दाखवलीस, सही केलीस. मला हसू आवरेना. मग तू बोल्ट काढलेस, पंखा बाहेर काढलास, आणि मी तपासनिसांना म्हटलं, बाबांच्या मांडीवर द्या.

त्यांनी तो उलटापालटा केला. ठिपक्यावर अंगठा ठेवला. "हे तोंड इंजिनाकडे होतं?" तपासनीस म्हणाले, हो. "मग उलटा बसवलाय," बाबा म्हणाले. "उलटा पंखाही फिरतो. पण वारा निम्मा. सावलीत उभ्या इंजिनाला चालतं, नांगर ओढताना नाही चालत." एवढं बोलून त्यांनी तुझ्याकडे बघितलं, आणि तू पाना बाकावर ठेवून चालता झालास. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, तुझ्या तर बोंबाही निघाल्या नाहीत. लोकांसमोर मी टाळी वाजवली नाही एवढे उपकार समज.

तपासनिसांनी तुझ्या कागदावर आडवी रेघ मारली. दावा मंजूर. शिलाई मशीन ऐकलेले ते चौघे गेल्या आठवड्यात माझ्या दारात आले होते. मी त्यांना उन्हात उभं ठेवलं आणि मग तारखा दिल्या.

बाबा म्हणाले, मी हिच्याकडे जातो. त्या दिवसापासून इथेच आहेत. नवं इंजिन बसवत होते तेव्हा रोज खुर्ची घेऊन बाजूला बसायचे, मेकॅनिकला सूचना द्यायचे. बाई गं, किती वर्षांनी! मी पाना उचलला तर काढून घेतला नाही. मला वाटलं, झालं, फिटलं सगळं.

परवा सकाळी इंजिन चालू करून बघितलं. बाबांनी मला जवळ बोलावलं. "रेडिएटर रोज बघतेस ना?"

"हो."

"रोज?"

"एक दिवस चुकवत नाही, बाबा. तुमचीच सवय."

"मग ठिपका समोर नाही, हे कधी दिसलं?"

तपासनिसांनी हे विचारलं नव्हतं. कंपनीत कुणीच विचारलं नाही. मी म्हटलं, "जाम झाल्यावर." बाबांनी माझ्याकडे बघितलं. दादा, पाना काढून घेताना बघितलं होतं तसंच. तेव्हा मी निर्दोष होते, आता खोटं बोलत होते, आणि नजर तीच. "बरं," म्हणाले, आणि खुर्ची उचलून आत गेले. तेव्हापासून ते ट्रॅक्टरपाशी फिरकलेले नाहीत.

आता ऐक. तू तो कागद लिहिलास त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मला ते दिसलं. तोवर रोज नुसतं पाणी बघायचे, त्या दिवशी जाळी पुसताना पंख्याकडे बघितलं, ठिपका नाही. घरातून आरसा आणला, पंख्याच्या मागे धरला, तर गुलाबी ठिपका इंजिनाकडे तोंड करून बसलेला. हातच्या काकणाला आरसा लागत नाही म्हणतात, मला लागला. चार बोल्ट होते, पंधरा मिनिटांचं काम. मी केलं नाही. मी फिरवला असता तर तू म्हणाला असतास, तिनेच खोलून उलटा लावला. बरं, तेव्हाच तपासनिसांना बोलावता आलं असतं. तेही केलं नाही. नुसता पंखा उलटा निघाला असता तर तू हसून सुलटा केला असतास, आम्हाला चहा पाजला असतास आणि संध्याकाळपर्यंत विसरलाही असतास. मला तुझं एवढ्यावर सुटणं नको होतं.

सव्वा महिना मी ट्रॅक्टर जपून, हलक्या कामावर चालवला. मग एका दुपारी मुद्दाम मोठा नांगर लावला. काटा लाल पट्ट्यात गेला. मी बंद केला नाही. आणखी तीन फेऱ्या मारल्या. इंजिन खडखडायला लागलं, जळका वास आला, माझ्या स्वतःच्या ट्रॅक्टरचा, दादा, आणि मी तुझं नाव घेत पाय दाबून बसले. जाम झालं तेव्हा खाली उतरून खूप रडले. पण आधी हसले.

तर तू लिहिलं होतंस ते खोटं होतं, आणि मी ते खरं करून दाखवलं. चालकाचा हलगर्जीपणा. हलगर्जीपणा कसला, त्याहून वाईट.

हे पत्र तू कंपनीला दाखवलंस तर माझं इंजिन जाईल आणि तुझी नोकरी बहुतेक वाचेल. खुशाल दाखव. सही खाली केलीच आहे. मी माफी मागत नाहीये आणि तुला माफही केलेलं नाही; तुझ्या त्या कागदाचा राग माझ्या मनातून जायचा नाही. पण बाबांनी माझ्याबद्दल वाईट मानायचं असेल तर जे मी केलं त्यासाठी मानावं. जे तू केलंस त्यासाठी बावीस वर्षं मानलं, तेवढं पुरे झालं.

बाबा रोज पाचला बाहेरच्या पायरीशी खुर्ची टाकून बसतात. ये. चष्मा कुणाबरोबर पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. आधी त्यांना त्या बोल्टाचं सांग, माझ्यासमोर, तुझ्या तोंडाने. मग चष्मा त्यांच्या हातात दे, आणि हे पत्रही दे. वाचून झालं की परत घेऊन कंपनीत जा.

संध्याकाळी सांगतो म्हणाला होतास. मी अजून वाट बघतेय.

तुझी,
हलगर्जी धाकटी