शेवटच्या कडव्यातलं नाव

१ डिसेंबर १९८३, गुरुवार

यादी अजून अर्धीच, आणि एकतीस तारीख आली दाराशी! शहापुरात देवाप्पांच्या माडीवर आम्ही नऊ कानसेन वर्षअखेरीला जमतो. प्रत्येकानं वर्षातली तीन नावं वाचायची— एक रेकॉर्ड, एक मैफल, एक गाणं. का, ते एका वाक्यात सांगायचं. गेली चार वर्षं माझी यादी सगळ्यांत कडक असते असं ते म्हणतात. मला ते आवडतं. इथं तरी खोटं कशाला लिहू.

रेकॉर्ड ठरली. कोल्हापुरातून आणलेली सारंगीची. दुसऱ्या बाजूला ओरखडा आहे, सुई तिथं आली की म्हाताऱ्याला ठसका लागल्यासारखं होतं. तरी तीच. मैफल खानापूरची, शाळेच्या हॉलमधली. वीज गेली, माईक बंद पडला, आणि त्या बाईंचा पूरिया तेव्हा कुठं ऐकू यायला लागला.

बाकी वर्ष फुकट. बेळगावच्या मोठ्या मैफलीत बुवांनी अर्धा तास तंबोरे लावले, अर्धा तास स्वतःच्या गुरूंची थोरवी सांगितली आणि गाणं उरकलं. पहिली रांग वाहवा देत होती— समेच्या आधी! गाढवापुढं वाचली गीता. गाण्याची जागा रिकामीच आहे.

४ डिसेंबर, रविवार

मिळालं!

आमच्यासाठी देवाप्पा रविवारी खालचे माग बंद ठेवतात. आज त्यांनी एक नवी कॅसेट लावली. मारुतीराव म्हणून कुणी, कोल्हापूरकडचा. वेष्टनावर छापलंय— गीत, संगीत, गायन मारुतीराव. फोटोत जाकीट, तोंडात पान. मी मनात म्हटलं, झालं, आणखी एक उपटसुंभ. आणि गाणं सुरू झालं—

पान कापता कापता बोटं झाली काळी
लेकराच्या पाटीवर उजाडली आळी

विड्या वळणाऱ्या बाईचं गाणं. चाल साधी, जात्यावरची म्हणावी अशी. पण तिसऱ्या कडव्याला माझ्या हातावर काटा आला. हे घर मला माहीत आहे. तो तंबाखूचा खाट, ती सूप मांडीवर घेऊन बसलेली बाई. माडीवर कुणालाच माहीत नाही एवढं मला माहीत आहे. निवृत्त हेडमास्तर म्हणाले, पुरुष असून बाईचं मन इतकं कळावं, कमाल आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

खोट एकच. शेवटच्या कडव्यात 'मारुती म्हणे' येतं तिथं गाडी खड्ड्यातून गेल्यासारखी होते. तबलजी कच्चा. तरी यंदाचं गाणं हेच. पहिला नंबर.

उठताना देवाप्पांनी सहज विचारलं, तुमच्या घरात कोण गाणारं होतं काय? एवढा कान कुठनं आला? मी म्हटलं, न्हाय, कोण न्हाय.

माझे वडील, आप्पा, वीस वर्षं गायन पार्टीत गात होते. निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज. मी म्हटलं, कोण न्हाय.

६ डिसेंबर

आज निपाणीत आप्पा पांढरा सदरा घालून महापरिनिर्वाण दिनाच्या कार्यक्रमाला मागं बसले असतील. मी रजा काढली नाही.

११ डिसेंबर, रविवार

निपाणीहून आत्ताच आलो. आधी हे लिहितो.

टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसनं गेलो. का गेलो? आप्पांना दाखवायला, की गाणं असं असतं. एवढंच. दुसरं काही मनात नव्हतं.

आई उंबऱ्यापाशी विड्या वळत बसलेली. आप्पा भिंतीला टेकून. वखारीत तंबाखूची पोती वाहून पाठ गेली, आता घरीच असतात. मी बटण दाबलं. पहिली ओळ आली आणि आईची कात्री थांबली. तिला गाण्यातलं काय कळणार, विडीचं नाव ऐकून थांबली असेल. आप्पांनी डोळे मिटले. शेवटचं कडवं आलं तसे उघडले.

"तिथं भरमा हुतं," म्हणाले.

मला आधी कळेचना. मग एकेक बाहेर आलं. हा मारुतीराव म्हणजे आप्पांच्या पार्टीतला पेटीवाला मारुती. पार्टी मोडल्यावर कोल्हापूरला गेला. गायन पार्टीत रीत आहे— रचणाऱ्यानं शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालायचं. त्या नावावरून गाणं कुणाचं ते ठरतं, कागद नाही, सही नाही. आणि या बहाद्दरानं भरमा, आप्पांचं नाव, काढून तिथं स्वतःला बसवलं!

"म्हंजे गाणं तुमचं?" मी विचारलं.

आप्पांनी माझ्याकडं नाही, आईकडं बघितलं. "माझ्या नावानं गाजलं हुतं," म्हणाले. "लई गाजलं."

आई सूप बाजूला ठेवून उठली, च्या ठेवते म्हणाली. चहा झाला, तरी आत काहीतरी शोधत राहिली. मी तिकडं लक्ष दिलं नाही. मला त्या जाकीटवाल्याचं नरडं दिसत होतं.

१२ डिसेंबर

कचेरीत तीन फायली चुकवल्या. साहेब कन्नडमध्ये बोलले, मी होय म्हटलं. काय बोलले ते आठवत नाही.

माझे कान! ज्यांचा मला एवढा गर्व! सुरातला केसाएवढा फरक सांगणारे कान, आणि बापाचं गाणं ओळखलं नाही. ओळखणार कसं? आमच्या दारात पार्टीची तालीम लागली की मी पुस्तकं उचलून स्टँडवर जाऊन बसत होतो. मॅट्रिकच्या वर्षी तर कानात कापूस घालत होतो. वर्गात सांगितलं होतं, वडील तंबाखू कंपनीत आहेत. कुणी विचारलं नाही कसले, म्हणून निभावलं. आता लाज वाटते. तेव्हा त्यांची वाटत होती.

१५ डिसेंबर

मारुतीरावांना पत्र टाकलं. चार पानं. शेवटी लिहिलं, पुढच्या कॅसेटवर भरमा हे नाव आलं नाही तर सीमाभागातल्या प्रत्येक गायन पार्टीला मी स्वतः जाऊन सांगेन.

१८ डिसेंबर, रविवार

माडीवर सांगून टाकलं. सगळं. आप्पा कोण, काय काम करायचे, कुठं गायचे.

मग हेडमास्तरांनी विचारलं, निपाणीत घर नेमकं कुठल्या गल्लीत म्हणालात? चार वर्षांत पहिल्यांदा विचारलं! मी सांगितलं. ते म्हणाले, छान, छान. आणि बशीतला चिवडा निवडत बसले. दुसरा म्हणाला, हमाल माणसाला हे सुचलं असेल असं वाटत नाही, ऐकीव असेल. सुचायला काय पोतं आडवं येतं? हे मला खोलीवर आल्यावर सुचलं. तिथं मी हसलो. बसून हसलो!

देवाप्पा तेवढे सरळ. म्हणाले, "वडलांना आणा की हो एकतीसला. गाऊ द्यात. कान खोटं बोलत न्हाईत."

आता माघार नाही. त्या माडीवर आप्पांचं नाव लागलं पाहिजे. त्यांच्यासाठी, की माझ्यासाठी? दोघांसाठी.

२२ डिसेंबर

मारुतीरावांचं कार्ड आलं. चार पानांना दोन ओळी. 'भरमाला म्हणावं, गाणं मी रचलं असं तुझ्या घरात उभा राहून सांग. सांगितलंस तर दुसऱ्या दिवशी नाव काढतो.'

चोराच्या उलट्या बोंबा! कार्ड फाडलं. मग तुकडे जुळवून पुन्हा वाचलं. माज बघा माणसाचा.

२५ डिसेंबर, रविवार

निपाणी. आप्पा यायला तयार नाहीत. घसा बसलाय, पेटी नाही, सदरा विटलाय, सतरा सबबी. मग माझा तोल गेला. म्हटलं, जन्मभर दुसऱ्यांची पोती उचललीत, एकदा स्वतःचं नाव तरी उचला! बोललो आणि जीभ चावली. ते पायाचा अंगठा चोळत बसले.

आईच म्हणाली, "जावा की. पोरगं बोलवतंय."

आप्पा तिच्याकडं बघत राहिले. तिनं जर्द्याचे हात पदराला पुसले आणि मला म्हणाली, "मी पन येऊ काय रं? ऐकीन एका बाजूला बसून."

मी म्हटलं, आई, तू कशाला? तिथं सगळी गाण्यातली माणसं. तुला कंटाळा येईल. जागा पण न्हाय.

ती बरं म्हणाली आणि पुन्हा सूप घेऊन बसली. खरं तर जागा आहे. पण तंबाखूचा वास तिच्या लुगड्याला असतोच, आणि हेडमास्तर तिथं चिवडा निवडत असणार. एकाच दिवशी किती म्हणून दाखवायचं त्यांना.

३० डिसेंबर, शुक्रवार

आप्पा दुपारच्या बसनं आले. अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आईनं त्यांच्याबरोबर भाकरी आणि लसणाची चटणी दिलीय. सदरा धुऊन, घडी घालून.

चारपर्यंत तालीम. आवाज फाटलाय पण पल्ला आहे! खालच्या पट्टीत 'लेकराच्या पाटीवर' असं काही म्हणतात की मारुतीरावानं पान थुंकून पाय धरावेत. पहिल्यांदा समोर बसून ऐकलं मी त्यांना. तिसाव्या वर्षी. कसं वाटलं ते लिहिता येत नाही. रडलो असतो, पण त्यांच्यासमोर कसा रडणार.

मात्र शेवटच्या कडव्यात तेच—

भरमा म्हणे धूर त्यांचा, राख माझ्या हाती
राखेनंच घासू पाटी, अक्षरं दिसती

'भरमा म्हणे'ला तोच खड्डा. एक अक्षर जास्त होतंय, घाईनं गिळावं लागतं. मला वाटलं होतं, ते मारुतीरावाच्या नावानं झालं. चार वेळा म्हणून घेतलं, चारही वेळा अडखळले. मी म्हटलं, श्वास कमी पडतोय, जरा आधी घ्या.

"श्वासाचं न्हाय," म्हणाले. "तिथं ते कधीच नीट बसलं न्हाय." आणि खिडकीतून खालच्या गल्लीकडं बघत राहिले. वय झालं त्यांचं. उगाच मीच चिडलो.

३१ डिसेंबर, सकाळ

यादी पक्की करून लिहिली, निळ्या शाईनं.

रेकॉर्ड: सारंगीची, ओरखड्यासकट.
मैफल: खानापूर, वीज गेल्यानंतरची.
गाणं: 'पान कापता कापता'. रचना, भरमा. माझे वडील.

शेवटचे दोन शब्द लिहायला मला चार वर्षं लागली. आज चारला माडीवर मोठ्यानं वाचणार. हेडमास्तरांच्या डोळ्यांत बघून वाचणार. आप्पा दाढी करताहेत. दोन ठिकाणी कापलं.

१ जानेवारी १९८४

मी यादी वाचली. टाळ्या पडल्या. आप्पा गायले, माडी चिडीचूप. शेवटच्या कडव्याला ते थांबले, श्वास घेतला, आणि म्हणाले— 'तानू म्हणे धूर त्यांचा...'

अक्षर बसलं. सम बरोबर आली. खड्डा नव्हताच.

देवाप्पांनी विचारलं, तानू कोण? आप्पा माझ्याकडं बघून म्हणाले, "ह्याची आई. गाणं तिचंच. पार्टीत बाईचं नाव कसं घ्यायचं म्हनून मी माझं घातलं."

ती येते म्हणाली होती. मीच नको म्हणालो.